नहर कोठीचं मधलं दार

अन्नपूर्णाबाईंना काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतून बाहेर काढायला डॉक्टरांना तीन महिने लागले. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला होता. ताप गेला, पण खोकला राहिला, आणि राहत्या घरात ऊन म्हणून यायचं ते दुपारचे दोन तास, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत. "यांना चार दिवस मोकळ्या हवेत न्या," असं डॉक्टर दर खेपेला सांगत. अन्नपूर्णाबाई दर खेपेला नवं कारण काढत. होळी होऊ दे, पाडवा होऊ दे, मैत्रेयीच्या शाळेच्या परीक्षा होऊ दे. शेवटी चैत्रात त्यांच्या मुलानं, विश्वेशनं, कुणाला न विचारता तीन दिवसांसाठी नहर कोठीतली खोली ठरवून टाकली.

चकिया मागे टाकून विंध्याच्या डोंगरात शिरलं की घाटरस्त्याच्या टोकाला ही कोठी लागते. कालव्याचं काम बघणाऱ्या कुण्या इंग्रज इंजिनीअरनं शंभरेक वर्षांपूर्वी ती स्वतःसाठी बांधली. आता बनारसच्या एका व्यापाऱ्यानं तिथे चार खोल्यांचं हॉटेल केलं होतं.

अन्नपूर्णाबाईंचे यजमान यज्ञेश्वरशास्त्री जन्मभर पाठशाळेत वेद शिकवलेले. ते म्हणाले, "मी येऊन काय करू? माझी पूजा कोण करणार?" विश्वेश मुगलसरायला रेल्वेत नोकरीला होता. निघायच्या दिवशी सकाळी त्याला ड्युटी लागली. "तुम्ही दोघी पुढे व्हा, मी उद्या दुपारपर्यंत येतो," असं म्हणून त्यानं दोघींना भाड्याच्या गाडीत बसवलं.

दुसरी म्हणजे त्याची बायको मैत्रेयी. ती साताऱ्याची. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सासूसुनांचं भांडण असं कधी झालं नव्हतं आणि फार जवळीकही नव्हती. एका घरात राहणाऱ्या दोन समजूतदार बायकांचं असावं तसं ते चाललेलं होतं.

वाटेत अन्नपूर्णाबाईंनी दोनदा विचारलं, "परत कधी यायचं म्हणालीस?"

कोठीवर त्यांच्याशिवाय दुसरं कुणीच उतरलेलं नव्हतं. उन्हाळा लागला की इथे गिऱ्हाईक कमी, असं रामजतन म्हणाला. रामजतन आणि त्याची बायको मिळून सगळी कोठी सांभाळत. पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. सामान आत ठेवून गाडीवाला परत गेला, अन्नपूर्णाबाई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत टेकल्या, तेव्हा त्यानं मैत्रेयीला बाजूला घेतलं.

"बहूजी, पिछवाड़े का किवाड़ भीतर से लगाए रहिएगा. महुआ गिर रहा है. भोर में भालू आता है."

"कोठी में?"

"कोठी में काहे आएगा. महुआ खाता है, चला जाता है. बस किवाड़ लगाए रहिएगा."

मैत्रेयीनं मागचं दार जाऊन पाहिलं. झोपायच्या खोलीमागे कपडे बदलायची एक लहान खोली होती, आणि तिच्यामागे न्हाणी. न्हाणी कसली, गल्लीतल्या घरातल्या माजघराएवढी खोलीच ती. एका कोपऱ्यात छातीभर उंचीची भिंत घालून आंघोळीची जागा केलेली. समोरच्या भिंतीत बाहेर जायचं दार. साहेबाच्या नजरेस न पडता झाडूवाल्यानं आत यावं आणि जावं, म्हणून ते काढलेलं होतं. सागवानी, जड दार. चौकट एका बाजूला कलल्यामुळे ते आत ढकललं तरी हात सोडला की आपोआप मिटायचं. मैत्रेयीनं त्याची कडी घातली आणि ती परत आली.

अस्वलाचं तिनं सासूबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच पावली परतायचं काढलं असतं. आणि त्या संध्याकाळी त्या बऱ्या दिसत होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मागून दुसरी पोळी घेतली. खोकला नव्हता असं नाही, पण दर वाक्याला नव्हता. समोरचे डोंगर निळे होत गेले तशा त्या म्हणाल्या, "इथे चांगलं लागतं गं." काशीत जन्म गेलेल्या अन्नपूर्णाबाईंचं मराठी असंच होतं, मधेच हिंदीकडे वळणारं. मैत्रेयी त्यावर पहिल्या वर्षी हसली होती. आता तीही तसंच बोलायची.

झोपण्यापूर्वी तिनं मागची कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

सकाळी साडेपाचलाच अन्नपूर्णाबाई उठल्या. वीज नव्हती, म्हणून रामजतननं चुलीवर पाणी तापवलं आणि दोन बादल्या, एक गरम आणि एक गार, मागच्या बाजूनं घेऊन आला. कडी काढून दार मैत्रेयीनंच उघडलं. बादल्या ठेवून तो म्हणाला, "हम लोग नाले पर महुआ बीनने जा रहे हैं. आधा घंटा में आते हैं. चाय थर्मस में है." मोहाची फुलं वेचायला तो गेला आणि दार आपलं आपण मिटलं.

मैत्रेयी कडीकडे वळली तोवर अन्नपूर्णाबाई साडी-चोळी हातावर घेऊन आत आल्या. कानातलं यंत्र काढून त्यांनी आधीच कपड्यांच्या खोलीतल्या फळीवर डबीत ठेवलं होतं. गेली सहा वर्षं त्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नसे. कुणी दारात उभं असलं की त्यांना आंघोळीला संकोच वाटायचा. त्यांनी हातानंच खूण केली, जा, चहा घे. मैत्रेयी बाहेर आली. मधलं दार तिनं नुसतं लोटून घेतलं. मागची कडी घालायची राहिली.

व्हरांड्यात उजेड नुकता फुटत होता. मैत्रेयीनं कपात चहा ओतला. अंगणापलीकडून मोहाच्या फुलांचा गोड, थोडा आंबलेला वास येत होता. तिनं दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. बादली ओढली असेल, असं तिला वाटलं. मग दुसरा आवाज आला. कुणीतरी बशीतून चहा ओरपावा तसा, पण फार मोठा आणि न थांबणारा.

ती उठली. झोपायच्या खोलीतून कपड्यांच्या खोलीत आली. आवाज मधल्या दाराच्या पलीकडून येत होता. आई पडल्या की काय, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं. तिनं दार उघडलं.

दारापासून चार पावलांवर काळी पाठ होती. केसांची, धुळीनं माखलेली, बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली पाठ. डोकं गार पाण्याच्या बादलीत खुपसलेलं. ओल्या गोणपाटाचा वास सगळ्या न्हाणीत भरला होता. भिंतीपलीकडून वाफ वर येत होती, अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि अन्नपूर्णाबाई रोजच्यासारखं काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांच्यात आणि त्या जनावरात ती छातीभर भिंत, एवढंच.

बिजागरी करकरली. अस्वलानं बादलीतून डोकं काढलं आणि मागे पाहिलं. पांढुरकं नाक, लोंबता ओठ, त्यावरून गळणारं पाणी. बारीक डोळे. ते वळलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

मैत्रेयीनं दार लोटलं आणि कडी घातली.

हे तिनं ठरवून केलं नाही. हात आपण होऊन वर गेला आणि कडी खटकन बसली. त्यानंतर तिला कळलं की आपण अलीकडे आहोत आणि आई पलीकडे.

पुटपुटणं अजून चालू होतं. मग ते मधेच तुटलं. तांब्या फरशीवर पडून घरंगळत गेला. आणि अस्वल ओरडलं. डरकाळी नव्हती ती. मोठ्या माणसानं गळा काढून रडावं तसा तो आवाज होता, आणि तो भिंतींवर आपटून परत येत होता. अन्नपूर्णाबाईंचा मात्र काहीच आवाज नव्हता. मैत्रेयी ऐकत राहिली. एकदा तरी त्या ओरडतील, हाक मारतील. काही नाही.

दारावर पलीकडून दाब आला.

मैत्रेयीनं पाठ दाराला लावली, टाचा फरशीत रोवल्या. दार पुन्हा हललं. तिनं डोळे मिटून सगळं वजन त्यावर टाकलं. आता ते फोडणार, असं ती स्वतःशी म्हणत होती. मग दारावर थापा पडायला लागल्या. खालच्या बाजूला. एक, दोन, मग थांबून आणखी एक. आणि प्रत्येक थापेबरोबर बांगड्या वाजत होत्या.

बांगड्यांचा तो आवाज ती अकरा वर्षं रोज ऐकत होती. पोळ्या लाटताना, पूजेची भांडी घासताना. तिला कळलं. तरीही तिची पाठ दारापासून सुटली नाही. किती वेळ, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. चार थापा असतील. पाचही असतील. पायच हलत नव्हते. उघडलं तर आईंच्या मागोमाग तेही येणार, एवढा एकच विचार डोक्यात फिरत होता, आणि त्या विचाराआड ती उभी राहिली होती.

मग थापा बंद झाल्या.

त्या शांततेनं तिला हलवलं. तिनं वळून कडी काढली. दार उघडताच अन्नपूर्णाबाई तिच्या पायांवर कोसळल्या. ओली साडी अंगाला चिकटलेली, आणि डावा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत फाटून उघडा पडलेला. रक्त पाण्यात मिसळून फरशीवर पसरत होतं. मैत्रेयीनं त्यांना काखेत धरून आत ओढलं. त्या क्षणात तिला दिसलं की अस्वल पलीकडच्या कोपऱ्यात आहे. त्यांच्याकडे पाठ करून ते बाहेरच्या दारावर पंजे मारत होतं.

तिनं मधल्या दाराला पुन्हा कडी घातली.

फळीवरचा टॉवेल घेऊन तिनं दंडाला घट्ट गुंडाळला. वरून स्वतःची ओढणी बांधली. गाठ तीनदा सुटली. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढरा, ओठ हलत होते. "मशीन दे," त्या म्हणाल्या. मैत्रेयीनं डबीतून यंत्र काढून त्यांच्या कानात बसवलं.

ते चुकलंच, असं तिला लगेच वाटलं. तोवर त्या गप्प होत्या. यंत्र कानात बसलं आणि पलीकडचं ओरडणं, फळ्या खरवडल्याचे आवाज त्यांना ऐकू आले. त्या थरथरायला लागल्या आणि त्यांचे दात वाजू लागले.

आता अस्वल मधल्या दारावर आलं. पहिल्या धडकेला चौकटीतून माती गळली. दुसऱ्या धडकेला मधली फळी उभी चिरली, आणि चिरेतून काळे केस दिसले.

"आई, उठा. बाहेर जाऊ."

"माझ्यात ताकद नाही गं."

मैत्रेयीनं त्यांना उचलायचा प्रयत्न केला. त्या अर्ध्या उठल्या आणि गुडघ्यांतून खाली बसल्या. खिशातला मोबाइल काढून पाहिला. रेंज नव्हती. तिनं खिडकीशी जाऊन रामजतनच्या नावानं हाका मारल्या. नाल्याकडून काही उत्तर आलं नाही. खिडकीतून मात्र तिला मोहाचं झाड दिसलं, आणि झाडाच्या बुंध्याशी बसलेलं एक पिल्लू. कुत्र्याएवढं, काळं. ते कोठीकडे तोंड करून कुईकुई करत होतं. त्यानं आवाज केला की आतून दारावर धडक बसत होती.

तेव्हा तिला सगळं उलगडलं. पाण्यासाठी आलेली पिल्लाची आई होती ती. येताना तिनं बाहेरचं दार डोक्यानं ढकललं आणि ते तिच्यामागे मिटलं. दार आत उघडणारं. तिला ते ओढता येणं शक्य नव्हतं. तिला फक्त ढकलता येत होतं, आणि ढकलून फुटेल असं एकच दार होतं.

"ती आपल्यामागे नाही लागलेली," मैत्रेयी म्हणाली. "तिला बाहेर जायचंय. बाहेरून दार लोटलं पाहिजे."

अन्नपूर्णाबाईंनी उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. "नको जाऊस."

"हे दार टिकत नाही, आई."

"मला एकटी सोडून नको जाऊस."

मैत्रेयीनं त्यांची बोटं एक एक करून सोडवली. हे तिला फार जड गेलं. पलंगाची मच्छरदाणीची काठी उपसून ती व्हरांड्यात आली आणि कोठीला वळसा घालून मागे निघाली. तीस पावलं असतील. प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आता मागे फिरावं. तिला शाळेत शिकवलेलं सगळं आठवत होतं, आणि त्यातलं एकच उपयोगाचं होतं: पिल्लू आणि आई यांच्या मधे कधी उभं राहू नये. ती नेमकी तिथेच चालली होती.

पिल्लानं तिला पाहिलं आणि मोठ्यानं किंचाळलं. आतून उत्तर आलं.

तिनं लांबूनच काठीनं दार लोटलं. दार वीतभर उघडलं आणि परत मिटलं. पुन्हा लोटलं. पुन्हा तेच. काठी वाकत होती. तिला जवळ जावं लागलं. पायरीवर चढून तिनं दोन्ही तळवे सागवानावर टेकवले आणि ढकललं. फट पडताच तिनं काठी आडवी आत सारली आणि बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

फटीत आधी नाक आलं. मग एक पंजा, बोटाएवढ्या लांब, पिवळट नखांचा. त्यानं दाराची कड पकडून आत ओढली, काठी मोडली, आणि ते सगळं धूड बाहेर आलं. इतक्या जवळून की त्याचे केस तिच्या गुडघ्यांना घासून गेले. तिनं डोळे मिटले नाहीत, कारण तेही तिला सुचलं नाही. अस्वलानं तिच्याकडे पाहिलंच नाही. ते सरळ झाडाकडे धावलं, पिल्लू त्याच्या पाठीवर चढलं, आणि दोघं उतारावरच्या झुडपात दिसेनाशी झाली. सुकी पानं वाजत राहिली, मग तीही थांबली.

मैत्रेयी पायरीवर बसली. सलवार ओली झाली होती, हे तिला तेव्हा कळलं.

रामजतन धावत आला तेव्हा सव्वासहा वाजले होते. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा प्रकार. गावातून जीप आली. चकियाला दंड बांधून दिला, रेबीजचं पहिलं इंजेक्शन दिलं, आणि दहाच्या सुमारास त्या बनारसला पोचल्या. एकतीस टाके पडले. डॉक्टर म्हणाले, वाचल्या. हात पुरता वर जाणार नाही, पण वाचल्या.

तिसऱ्या दिवशी हिंदी पेपरात आतल्या पानावर बातमी आली. भालू से भिड़कर बहू ने बचाई सास की जान. ती कुणी दिली ते कळलं नाही. गल्लीतले लोक जिना चढून येऊ लागले. शेजारच्या शरदिनीकाकूंनी मैत्रेयीच्या डोक्यावरून हात फिरवून कडकड बोटं मोडली. यज्ञेश्वरशास्त्री एरवी सुनेशी कामापुरतं बोलणारे. ते पूजा झाल्यावर स्वतः तिच्या हातावर प्रसाद ठेवून म्हणाले, "तू होतीस म्हणून." विश्वेश तर येणाऱ्याजाणाऱ्याला मागच्या दारापासूनच गोष्ट सांगायचा. तो तिथे नव्हता, पण ऐकून ऐकून त्याला पाठ झाली होती.

मैत्रेयीला खरी भीती आता वाटायला लागली. डोंगरातली भीती वीस मिनिटांची होती. ही सकाळी उठल्याबरोबर सुरू व्हायची. सासूबाईंच्या खोलीत जाताना ती उंबऱ्याशी थांबायची. ड्रेसिंग तीच बदलायची. पट्टी सोडवताना अन्नपूर्णाबाई तिच्याकडे बघत बसायच्या. पाहुणे सुनेचं कौतुक करू लागले की त्या खिडकीकडे तोंड फिरवायच्या. त्यांना काय माहीत आहे? दारामागे कोण होतं, हे त्यांनी पाहिलं का? मैत्रेयी हे शंभर वेळा मनात तपासून पाही. विचारायची मात्र हिंमत नव्हती. रात्री विश्वेशचा हात अंगावर पडला तरी ती दचकायची.

पंधराव्या दिवशी दुपारी टाके काढून आल्यावर दोघीच घरात होत्या. मैत्रेयी मलम लावत होती. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ते मधलं दार अडकलं होतं का गं?"

हो म्हणता आलं असतं. जुनी कोठी, फुगलेलं लाकूड. विश्वेश तेच धरून चालला होता.

"नाही," मैत्रेयी म्हणाली. "मी कडी घातली होती."

मैत्रेयीला वाटलं, इथे थांबावं. पण थांबलं तर पुढचं कधीच तोंडातून येणार नाही, हेही तिला कळत होतं.

"तुम्ही ढकलत होतात तेव्हा मला वाटलं, ते अस्वलच आहे. मग बांगड्या ऐकू आल्या. मला कळलं, तुम्ही आहात. तरी मी लगेच उघडलं नाही. आणि भालू येतात हे रामजतननं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मागची कडी मीच घातली नाही."

पट्टीचं टोक तिच्या बोटात तसंच राहिलं. खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर माणसांतून वाट काढत हॉर्न वाजवत होती. ती पार निघून गेल्यावर अन्नपूर्णाबाई बोलल्या.

"तू दार उघडलंस ना पहिल्यांदा, तेव्हा मी तुला पाहिलं होतं. भिंतीवरून तुझं तोंड दिसलं. तू बघत होतीस तिकडे मी वळले, म्हणून मला ते दिसलं. कडी तूच घातलीस ते मला माहीत होतं. घाबरलीस, घातलीस. ते मी मनात धरलं नव्हतं." त्या थांबल्या. "बांगड्यांचं माहीत नव्हतं."

"आई..."

"ते नसतंस सांगितलं तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या मलम विश्वेशकडून लावून घेऊ लागल्या. विश्वेशला काही कळेना. मैत्रेयीनं त्यालाही सगळं सांगितलं. तो ऐकून लगेच म्हणाला, "कोणीही घाबरलं असतं." ते त्यानं इतक्या घाईनं म्हटलं की तिला बरं वाटलं नाही. पण मागच्या दाराची गोष्ट लोकांना सांगणं त्यानं त्या दिवसापासून बंद केलं. शास्त्रीबुवांना कुणी काही सांगितलं नाही.

घरात दुसरीच अडचण उभी राहिली होती. अन्नपूर्णाबाईंना न्हाणीघरात आंघोळ करता येईना. हात बरा होईपर्यंत अंग पुसून घेण्यावर भागलं. मग एक दिवस त्या आत गेल्या आणि अर्ध्या मिनिटात साडी तशीच गुंडाळून बाहेर आल्या, छातीवर हात ठेवून. दार लावलं तर कोंडल्यासारखं व्हायचं. उघडं ठेवलं तर पाठीमागे कुणी आहे असं वाटायचं. दोनतीनदा प्रयत्न झाला. त्यानंतर त्यांनी नावच सोडलं.

वैशाखातल्या एका सकाळी मैत्रेयी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. काखेत कोरडी साडी, हातात तांब्या.

"चल, घाटावर जाऊ."

ब्रह्माघाट घरापासून पाच मिनिटांवर. पण न्यूमोनियानंतर त्या घाट उतरल्या नव्हत्या, आणि पायऱ्या पुष्कळ. मैत्रेयीनं गॅस बंद केला आणि निघाली. गल्लीत त्या पुढे चालल्या, ती मागे. पायऱ्यांशी आल्यावर अन्नपूर्णाबाई थांबल्या, उजवा हात मागे केला, आणि मैत्रेयीनं तो धरला. गंगा खूप खाली गेली होती. शेवटच्या पायऱ्यांवर चिखल वाळून भेगाळला होता.

त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी मोकळं. एक नाव लांबून चालली होती. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, मग पुन्हा एकदा. मैत्रेयी एक पायरी वर, गुडघाभर पाण्यात उभी होती.

"मागेच आहेस ना?"

"आहे."

त्यांनी कानातलं यंत्र काढून मैत्रेयीच्या हातात दिलं आणि नाक धरून बुडी मारली. वर आल्या तेव्हा खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. मैत्रेयी पुढे झाली आणि तिनं त्यांची पाठ धरली. खोकला ओसरल्यावर तिनं कान पुसून यंत्र पुन्हा बसवलं. त्या तशाच, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा राग गेलेला नाही."

"हो."

"जाईल की नाही, मला ठाऊक नाही. झोपले की त्या थापा आठवतात. माझ्याच हातच्या." त्यांनी तोंडावरून पाणी निपटलं. "पण दुसरं कोणी सोबत आलं तर मला त्याला सगळं सांगावं लागेल. तुला सांगावं नाही लागत. तू येत जा रोज."

"येईन."

कोरडी साडी नेसवताना डावा हात वर जाईना, म्हणून मैत्रेयीनं पदर मागून आणून खांद्यावर टाकला. ओली साडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळली. अन्नपूर्णाबाईंना एकाच हातानं जोर लावता येत होता, त्यामुळे पीळ वेडावाकडा बसला आणि पाणी दोघींच्या पायांवर सांडलं. मग त्या वर निघाल्या. दर दहा पायऱ्यांना अन्नपूर्णाबाई दम घ्यायला थांबत होत्या, आणि मैत्रेयी एक पायरी खाली थांबत होती.